कासवांच्या गावचा पाहुणचार

"तू बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतंस ना? मग ये एकदा आणि आमचा हिशेब बघून दे," असा ताईचा फोन आला, तेव्हा मी सातवीच्या वह्या तपासत बसले होते. माझं अर्थशास्त्र आता दूध, किराणा आणि गॅसच्या बिलापुरतंच उरलंय, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. पण ताई कसली ऐकतेय! शेवटी होळीला जोडून सुट्टी आली, तेव्हा दोन्ही मुलांना घेऊन निघाले. आम्ही साताऱ्याची माणसं. महाबळेश्वरवरून पोलादपूरला उतरायचं, महाड, मग मंडणगडचा रस्ता आणि पुढं समुद्र. घाटात धाकट्याला दोनदा उलटी झाली, ते जाऊ द्या.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात तिला दिली. घर जुनं, ओटी-पडवीचं, मागं नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या कडेला गडगा आणि गडग्यापलीकडं सुरूचं बन नि वाळू. गेली काही वर्षं ताई घरात पाहुणे ठेवते. म्हणजे पैसे घेऊन, हो! 'होम स्टे' म्हणतात आता त्याला. चार खोल्या, घरचं जेवण. पाहुणे येतात ते समुद्र बघायला, आणि त्याहीपेक्षा कासवांची पिल्लं बघायला.

तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वेळासचं नाव ऐकलं असेल. नाना फडणवीसांचं गाव ते. पण आज शहरातली माणसं तिथं जातात ती नानांसाठी नव्हे, कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री वाळूत येते, हातभर खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. परत वळून बघायचं नाही. पूर्वी ह्या अंड्यांचं काय व्हायचं? कुत्री-कोल्ही उकरून खायची, आणि माणसं काढून खायची नि विकायची. कायद्यानं १९७२ पासून वन्य प्राण्यांना संरक्षण दिलेलं आहे, पण किनाऱ्यावर रात्री दोन वाजता कायदा थोडाच उभा असतो? चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' ह्या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी वेळासला गेले, तेव्हा त्यांना ही कासवांची घरटी समजली. २००२ साली तिथं अंडी जपायचं काम सुरू झालं. गावातलीच माणसं पहाटे किनारा फिरून घरटं शोधायची आणि अंडी जाळीच्या कुंपणातल्या वाळूत तशाच खड्ड्यात ठेवायची. पुढं २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि लोक येऊ लागले. आलेले लोक राहणार कुठं? हॉटेल नव्हतं. मग घराघरांतून त्यांची सोय झाली. अंडी विकून एकदाच पैसे मिळत, पिल्लू सोडताना दाखवलं तर दर वर्षी मिळतात, हे गावाला पटलं आणि मग कासवं वाचली. त्याचं बघून किनाऱ्यावरच्या आणखीही गावांनी हे काम हाती घेतलं. ताईचं गाव त्यांतलंच.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? तेच सांगते.

आमच्या भावोजींच्या डोक्यात नवीन बेत शिजत होता. आगराच्या समुद्राकडच्या अंगाला सहा खोल्या बांधायच्या, एसीच्या, खिडकीतून लाटा दिसतील अशा. अठरा लाखांचं कर्ज. अर्जाचा कागद कपाटात तयार. त्यांचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात त्यांच्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ लावल्यापासून हाताला सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात. मधली वर्षं कशावर काढायची? त्या दिवसांत ताईच्या चार खोल्यांनीच घर तारलं. मग चाराच्या दहा केल्या तर काय बिघडलं, असा साधा हिशेब.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही किनाऱ्यावर गेलो. गावातल्या पोरानं जाळीच्या आत जाऊन एकेका घरट्यावरची टोपली उचलून पाहिली. तिसऱ्या टोपलीखाली वाळू हलत होती. माझा धाकटा इतका वेळ "झोप येतेय" म्हणून रडत होता, तो एकदम गप्प झाला. तळहातापेक्षा लहान, काळीकुट्ट पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून वर येत होती. त्यांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत. दोरी बांधून माणसं मागं ठेवतात आणि पिल्लांना लाटेपासून काही अंतरावर वाळूत ठेवतात. चालत त्यांनी आपलं आपण जायचं. एक पिल्लू लाटेनं दोनदा मागं फेकलं, तिसऱ्यांदा गेलं. हजारातून एखादंच मोठं होतं म्हणतात. त्यांतल्या मादीला अंडी घालायच्या वयाला यायलाही दहा-पंधरा वर्षं लागतात. वेळासच्या किनाऱ्यावर २०२२ च्या जानेवारीत एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं होतं, तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं होतं, असं तो पोरगा सांगत होता. मुलीला ते नाव फार आवडलं. वर्गात शिकवताना मीही सांगते की ह्या अंड्यातून मुलगा होणार की मुलगी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्याच जास्त, थोडी गार असली की नर, आणि फारच तापली तर अंडी वायाच जातात. आमच्या वर्गातल्या मुली हे ऐकून फार खूश होतात.

परत येताना ताई आगराच्या गडग्याशी थांबली. तिथं गडग्यावर एक लोखंडी खांब आहे, खांबावर दिवा होता. मोठा, पांढरा, डोळे दिपवणारा. मी म्हटलं, "हा काय झाला, रात्री लावत नाही का?" ती काही बोलली नाही.

रात्री मुलं झोपल्यावर भांडी पुसता पुसता तिनं सांगितलं. मागच्या हंगामात पाहुण्यांनी तक्रार केली, आगरात अंधार आहे, भीती वाटते. म्हणून भावोजींनी दिवा बसवला. गावातल्या मुलांच्या नजरेतून एखादं घरटं सुटतंच. तसं एक सुटलं होतं, सुरूच्या कडेला. त्यातली पिल्लं रात्री वर आली. आता पिल्लाला समुद्र ठाऊक कुठं असतो? त्याला एवढंच कळतं, की जिकडं उजेड तिकडं जायचं. उघड्या समुद्रावरचं आभाळ रात्रीसुद्धा जमिनीपेक्षा उजळ असतं, त्या आधारानं ती जातात. त्या रात्री सगळ्यांत उजळ ताईचा गडगा होता. सकाळी ती कचरा टाकायला गेली तर गडग्याच्या बुडाशी अकरा पिल्लं. कावळ्यांनी आधीच पाहिली होती. "मी पदरात गोळा केली आणि पुरली," ताई म्हणाली. "पाहुणे उठायच्या आत. त्यांना मी पोहे वाढले तेव्हा माझ्या नखांत वाळू होती."

दिवा त्या दिवसापासून बंद आहे. पण नव्या सहा खोल्यांच्या बारा खिडक्या समुद्राकडंच असणार होत्या.

मग आम्ही वही घेऊन बसलो. अठरा लाख, दहा टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याचा हप्ता तीस हजारांच्या घरात, म्हणजे वर्षाचे साडेतीन लाख वरच. पिल्लं दिसण्याचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, त्यात लोक येतात ते शनिवार-रविवार. त्यात नाताळ, दिवाळी, मे महिना धरला, तरी एक खोली वर्षात पन्नास रात्री भरली म्हणजे पुष्कळ, असं ताईच्याच जुन्या वह्यांवरून निघालं. सहा खोल्या, पन्नास रात्री, अठराशे रुपये भाडं. झाले पाच लाख चाळीस हजार. त्यातून एसीची वीज, दोन बायकांचा पगार, चादरी-टॉवेल, खाऱ्या हवेनं दर वर्षी गंजणारं सामान. हप्ता देऊन हातात काय उरतं? आणि एखादं वर्ष २०२० सारखं निघालं, मार्चमध्येच सगळं बंद झालं, तर हप्ता थांबत नाही. भावोजी गप्प बसून ऐकत होते. वीज मी जास्त धरली, एवढंच म्हणाले.

पण खरा हिशेब पाण्यात अडला, आणि तो केला ताईच्या सासूबाईंनी. पंच्याहत्तरी उलटलेल्या काकू ओटीवर वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "विहीर म्हणजे दुभती म्हैस. पान्हा सोडील तेवढंच काढावं." शब्दशः खरं आहे ते. समुद्राकाठच्या विहिरीत गोडं पाणी असतं ते पावसाचं मुरलेलं, खाऱ्या पाण्यावर तरंगत असल्यासारखं. पंप लावून भसाभसा उपसलं की खालून-बाजूनं खारं पाणी आत शिरतं. आज चार खोल्यांत सोळा माणसं, बादलीनं आंघोळ करणारी. माणशी शंभर लिटर धरलं तर सोळाशे. दहा खोल्यांची चाळीस माणसं शॉवरखाली उभी राहिली की माणशी दीडशे, म्हणजे दिवसाला सहा हजार लिटर. आणि तेही मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा विहीर तळाला गेलेली. एकदा पाणी मचूळ झालं की चहा बिघडतो, डाळ शिजत नाही, आणि आगरातली उरलीसुरली पोफळही जाते. शेजारच्यांची विहीर त्याच पाण्यावर आहे, ते निराळंच.

एवढं पाणी आत आलं म्हणजे तेवढंच बाहेरही जाणार ना? चार संडासांचं सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला आहे. दहांचं कुठं करणार? वाळूची जमीन. त्यातून काय कुठं झिरपेल कोण सांगणार! शिवाय भरतीच्या रेषेपासून किती अंतरात बांधकाम करता येतं, ह्याचे सरकारी नियम १९९१ पासून आहेत आणि ते अधूनमधून बदलतात. भावोजींनी जागा पावलांनी मोजली होती. मी म्हटलं, आधी तलाठ्याकडून आणि नकाशावरून खात्री करून घ्या, मग विटांचा भाव काढा.

मला ह्या सगळ्यात एक गोष्ट फार जाणवली. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, पाहुण्याला नाही म्हणू नये. त्यानं मागायच्या आत द्यावं. ताईनं सुरुवातीला तेच केलं. उजेड हवा? लावला. बाटलीचं पाणी हवं? आणलं. रात्री गाणी लावायची आहेत? लावा. आणि घरचा पाहुणा वर्षातून दोनदा येतो, हे शनिवारी सोळा येतात. घरच्या पाहुण्याचे नियम त्यांना लावले की घरही जातं नि ज्यासाठी ते आले ती कासवंही जातात. आमच्या साताऱ्याजवळ कासच्या पठारावर हेच झालं होतं. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही होतं, आणि फुलं बघायला अशी झुंबड उडू लागली की फुलांवरूनच लोक चालायचे. शेवटी दिवसाला किती जणांना सोडायचं ह्याला मर्यादा घालावी लागली. आम्ही स्थानिक लोकांनी तेव्हा कुरकूर केली होती, मीसुद्धा. आता नाही करत.

ताईनं गेल्या वर्षभरात जे बदल केले, ते मला घर चालवणारी बाई म्हणून बघावेसे वाटले. ह्यात कुठली मोठी यंत्रं नाहीत. समुद्राकडच्या खिडक्यांना तिनं जुन्या चादरींचे दुहेरी पडदे शिवले आणि हंगामात दिवेलागणीनंतर ते ओढून घ्यायचे असा नियम केला. वाटेवरचे दिवे गुडघ्याच्या उंचीचे, पिवळट, वरून पत्र्याची टोपी, म्हणजे उजेड पायापुरता. किनाऱ्यावर जायचंच असलं तर टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळून देते, कारण लाल उजेडाचा कासवाला त्रास कमी. फोटोचा फ्लॅश अजिबात नाही. बाटल्या बंद. पडवीत दोन माठ आणि प्रत्येक खोलीत तांब्या-भांडं. गेल्यापूर्वी एका हंगामात तिच्याकडं रिकाम्या बाटल्यांची आठ पोती साठली होती, ती न्यायला कोणी येईना. साबण-शाम्पूच्या त्या इवल्याशा पुड्याही ती देत नाही. "घरून आणा, उरलेलं घरी न्या," असं फोनवरच सांगते.

सगळ्यांत मला पटलं ते खरकट्याचं. आपल्याला वाटतं, उरलेला भात कुत्र्याला घातला, पुण्य लागलं. पण पाहुण्यांच्या घरामागं खरकटं पडू लागलं की कुत्री वाढतात, कावळे वाढतात, आणि तीच कुत्री रात्री वाळूत घरटी उकरतात. म्हणून ताईनं आगरात झाकणाचा खड्डा केलाय. केळीच्या पानांसकट सगळं त्यात जातं, वर पाचोळा, राख. पावसाळ्यानंतर त्याचंच खत नव्या पोफळींना. शिवाय ताटात कमी टाकलं जावं म्हणून ती आधी विचारते, किती पोळ्या, किती भात. सुरुवातीला लोकांना हे कंजूषपणाचं वाटतं. पण कुळथाचं पिठलं, फणसाच्या कुयरीची भाजी, सोलकढी आणि उकडीचा मोदक पानात आला की कोणी तोंड वाकडं करत नाही. पनीर आणि नूडल्स तिच्याकडं मिळत नाहीत. आजूबाजूला जे पिकतं तेच रांधायचं. त्यामुळं नारळ, कोकम, कुळीथ ती शेजारणींकडून घेते आणि चार पैसे त्यांच्याकडंही जातात.

पैशावरून आठवलं. गावातल्या घरांनी मिळून भाडं एकच ठरवलंय आणि पाळी लावलीय. एकीकडं भरलं की पुढचा फोन दुसरीकडं. नाहीतर एकीनं दर पाडायचा, दुसरीनं डीजे लावायचा, अशी चढाओढ लागते. नेहमीच सुरळीत चालतं असं नाही. माझ्यासमोरच एका बाईंनी पाळीवरून ताईला दोन शब्द सुनावले. पण ज्या घराला ह्या पाहुण्यांतून काही मिळतच नाही, त्या घरानं कासवाचं अंडं का जपावं, हा काकूंचा प्रश्न मला बिनतोड वाटतो.

एक गोष्ट ताई फोनवर सगळ्यांत आधी सांगते, आणि ती ऐकून निम्मे लोक फोन ठेवतात. "पिल्लं दिसतील असं वचन मी देत नाही." अंडी घातल्यापासून पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, ऊन-थंडीप्रमाणं मागंपुढं होतं. कधी सकाळी टोपलीखाली चाळीस असतात, कधी चार दिवस एकही नाही. पूर्वी पाहुणे चिडायचे, पैसे परत मागायचे. एकदा तर एका गृहस्थांनी उकरून दाखवा म्हटलं होतं! आता खरं आधीच सांगितल्यानं जे येतात ते समजून येतात. सकाळी टोपली रिकामी निघाली, तरी काकूंबरोबर आगरात हिंडतात, पोफळी सोलायला बसतात. तुम्ही कधी गेलात तर मुलांना आधी घरीच हे सांगून ठेवा. आणि पिल्लू हातात घ्यायचा हट्ट करू देऊ नका.

निघायच्या आदल्या रात्री भावोजींनी कपाटातून अर्ज काढला, वाचला, परत ठेवला. फाडला बिडला नाही. सिनेमात फाडतात. ते एवढंच म्हणाले, की माळ्याखालच्या दोन खोल्या पडीक आहेत, त्यांची कौलं बदलून फरशी घातली तर दीड-दोन लाखांत भागेल, आणि त्या खोल्यांची तोंडं रस्त्याकडं आहेत. विहिरीच्या काठावर त्यांनी चुन्यानं एक रेघ मारलीय. पाणी त्या रेघेखाली गेलं की पाहुणे घ्यायचे नाहीत. ही रेघ पाळली जाईल की नाही ह्यावर ताईचा अजून भरवसा नाही. काकूंनी मात्र दुपारी रोज विहिरीत डोकावायचं काम स्वतःकडं घेतलंय.

परत आल्यावर आठ दिवसांनी ताईचा फोन. शनिवारी वीस जणांचा गट यायचा म्हणत होता, दुप्पट पैसे देतो म्हणाले, दाटीवाटीनं पडवीत झोपू म्हणाले. ताईनं नाही म्हटलं. "अगं, आयुष्यात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला नाही म्हटलं मी. फोन ठेवल्यावर हात थरथरत होता माझा. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

"मग?"

"मग काय, मंगळवारी त्यांतले आठजण आले. दोन घरट्यांतली पिल्लं निघाली त्या सकाळी. आणि ऐक ना, मोदकाचं पीठ कमी पडलं, तुझ्याकडचा तो आंबेमोहोर कुठल्या दुकानातून आणतेस?"